गट मायक्रोबायोम टेस्टचं किट: कंपनी काय विचारते ते आधी पाहा

घरी किट मागवायचं, शौचाचा नमुना द्यायचा आणि आतड्यात कुठले जिवाणू आहेत याचा रिपोर्ट मोबाइलवर घ्यायचा, अशी ही तपासणी. गट म्हणजे इंग्रजीतलं आतडं, मायक्रोबायोम म्हणजे तिथे राहणारे सगळे सूक्ष्मजीव. माझी सगळी नोकरी इंदूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे नात्यातलं कोणीही असं काही मागवायच्या आधी मला विचारतं. यंदा घरातच दोन किटं आली. एक थोरल्या जाऊबाईंसाठी (मी त्यांना वहिनी म्हणते), दुसरं पुतण्यानं पुण्यात स्वतःसाठी मागवलं. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. दोन्ही रिपोर्ट मी ओळ न ओळ वाचले. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण या धंद्यात रोज नवी कंपनी निघते आणि जुनी किटं बदलत राहतात. निवडताना काय पाहायचं, ते लिहिते.

वहिनींची तक्रार जुनी आहे. जेवलं की पोट फुगायचं, संध्याकाळपर्यंत ढेकर, मध्येच दोन दिवस पातळ, मग पुन्हा कुंथणं. रामबागेतल्या घरात पोह्यांवर शेव आणि जीरावन ठरलेलं. ते त्यांनी स्वतःहून सोडलं. मग दूध सोडलं. मग डाळी कमी केल्या. एकेक करून ताट रिकामं होत चाललं तरी पोट होतं तसंच. तेव्हा मुलानं फोनवर सांगितलं, "आई, गट टेस्ट करून टाक, सगळं कळेल," आणि जाहिरातीत सगळ्यात वर दिसलं ते किट मागवूनही टाकलं. डबा हातात आल्यावर वहिनींनी मला बोलावलं. "अगं, तू लॅबवाली. हे कसं करायचं ते तूच दाखव बाई."

डबा सुरेख होता. आत चमचा जोडलेल्या झाकणाची नळी, नळीत पारदर्शक द्रव, हातमोजे, बारकोडचं लेबल आणि कमोडच्या बैठकीला चिकटवायचा कागदी झोळा. पण रामबागेच्या जुन्या घरात कमोड नाही, देशी संडास आहे. तिथे झोळा चिकटवणार कशाला? माहितीपत्रकात त्याबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत देशी भांडंच असतं, आणि पोटाच्या तपासण्या जास्त करून वयस्कर माणसं करतात, ज्यांचे गुडघे आधीच बोलत असतात. लॅबमध्ये आम्ही सांगायचो तेच मी वहिनींना सांगितलं. भांडं आधी कोरडं करायचं, त्यात मोठी कागदी ताटली ठेवायची, लघवी आधी वेगळी उरकून घ्यायची. पाणी किंवा लघवी मिसळली की नमुना बिघडतो. चमच्यावर वाटाण्याएवढा नमुना पुरतो, तोही एकाच ठिकाणचा नाही, दोन-तीन जागांहून थोडा थोडा. मग झाकण घट्ट लावून द्रव गढूळ होईपर्यंत हलवायचं. तो द्रव ओतून टाकायचा नसतो. नमुना बाहेर आल्यावरही त्यातले काही जिवाणू वाढत राहतात, काही मरतात आणि प्रमाण बदलतं. द्रवामुळे ते तिथल्या तिथे थांबतं आणि डीएनए टिकतो. म्हणून तर कुरिअरनं पाठवता येतं.

हातमोजे आणि ताटली कुठे टाकायची हेही पत्रकात नव्हतं. आमच्याकडे कचरागाडीला सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, तिथे गुंडाळून द्यायचं. इंदूरकरांना हे सांगावं लागत नाही, पण किटवाल्यांनी लिहायला हवं. पुतण्याच्या किटमध्ये हे लिहिलेलं होतं, आणि देशी संडासात नमुना कसा घ्यायचा याचं चित्रही होतं. एवढ्याशा चित्रावरून मला त्या कंपनीबद्दल भरवसा वाटला. ज्यांनी खरोखर माणसांकडून नमुने घेतलेत, त्यांनाच हे सुचतं.

खरा फरक दिसला तो फॉर्ममध्ये.

वहिनींच्या किटचा फॉर्म ॲपवर भरायचा होता. वय, वजन, उंची, शाकाहारी की मांसाहारी, गेल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं का, आणि मग "तुमचं उद्दिष्ट काय": वजन कमी करणं, त्वचा, झोप, उत्साह. संपला फॉर्म. रोज चालू असलेल्या औषधांचा रकानाच नाही. वहिनी साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतात आणि पोट फुगतं म्हणून सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल. ही दोन्ही नावं कुठे लिहायची, असं मी कंपनीला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं की गरज नाही, ही तपासणी जिवाणूंची आहे.

गरज आहे. २०१५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसलं होतं. टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांच्या आतड्यात जे बदल मधुमेहामुळे होतात असं धरलं जात होतं, त्यातले बरेच मेटफॉर्मिनचे निघाले. या औषधानं एशेरिकिया या गटाचे जिवाणू वाढलेले दिसतात. आम्लाच्या गोळ्यांचंही तसंच. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलच्या जातीची औषधं घेणाऱ्यांच्या आतड्यात तोंडात राहणारे जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस, जास्त सापडतात. जठरातलं आम्ल कमी झालं की त्यांची वाट मोकळी होते. म्हणजे औषधं न विचारता वाचलेला रिपोर्ट औषधाची खूण आजार म्हणून दाखवू शकतो. लॅबमध्ये साध्या रक्ताच्या चिठ्ठीवरसुद्धा आम्ही विचारायचो: उपाशीपोटी आहात का, थायरॉइडची गोळी सकाळी घेतली का. न विचारता नमुना घेणाऱ्या मुलीला आमचे डॉक्टर परत पाठवायचे.

पुतण्याच्या फॉर्मला भरायला अर्धा तास लागला. तो वैतागला, मला बरं वाटलं. औषधांची पूर्ण यादी, गेल्या काही महिन्यांतली अँटिबायोटिक्स, कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ केलं होतं का, मागच्या आठवड्यात जेवणात काय काय होतं, आणि त्या दिवशीचा शौच कसा होता तेसुद्धा, चित्रं दाखवून. ही चित्रं ब्रिस्टल तक्त्याची. १९९७ सालापासून जगभर वापरतात, गोळ्यागोळ्यांपासून अगदी पाण्यासारख्यापर्यंत सात प्रकार. हे विचारणं किती महत्त्वाचं, तर बेल्जियममध्ये केलेल्या एका मोठ्या पाहणीत जिवाणूंच्या मांडणीशी सगळ्यात घट्ट जुळलेली गोष्ट शौचाचा घट्टपणाच निघाली होती. अन्न आतड्यात किती वेळ थांबतं यावर तिथे कोण जगतं ते ठरतं. आहाराचंही असंच. २०१४ च्या एका प्रयोगात माणसांना पूर्ण वनस्पतिज किंवा पूर्ण प्राणिज जेवण दिलं तेव्हा काही दिवसांतच जिवाणू बदललेले दिसले. त्यामुळे एकादशीच्या साबुदाण्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा लग्नाच्या पंगतीनंतर नमुना देऊ नये, नेहमीचं जेवण चालू असताना द्यावा. अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर काही आठवडे जाऊ द्यावेत.

आता वहिनींचा रिपोर्ट. पहिल्याच पानावर मोठ्या वर्तुळात 'गट स्कोअर', शंभरपैकी अठ्ठावन्न, नारिंगी रंगात. वहिनींचा चेहरा उतरला. मी विचारलं, हे शंभर कुणाचे? कुठल्या माणसांशी तुलना करून अठ्ठावन्न आले? रिपोर्टभर शोधलं, कुठेही लिहिलेलं नाही. हिमोग्लोबिनच्या रिपोर्टवर शेजारी नॉर्मलची मर्यादा छापलेली असते, बाईची वेगळी, पुरुषाची वेगळी. ती मर्यादा निरोगी माणसं तपासून ठरवलेली असते, आणि आम्ही रोज सकाळी मशीनमध्ये माहीत असलेल्या मूल्याचं कंट्रोल सॅम्पल चालवून मगच रुग्णांचे नमुने लावायचो. निरोगी आतडं म्हणजे नेमके कोणते जिवाणू किती, याची अशी सर्वमान्य मर्यादा अजून जगात कुणाकडे नाही. प्रयोगशाळांना आपलं मोजमाप ताडून पाहता यावं म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं मानवी विष्ठेचा प्रमाणित नमुना उपलब्ध करून दिला, तोही २०२५ मध्ये. अशा स्थितीत शंभरपैकी गुण देणं मला पटत नाही. घाबरणाऱ्या माणसाला तर ते सरळ अपायकारक आहे.

पुढची पानं टक्केवारीची. इथे एक समजून घ्यायला हवं. या तपासण्या बहुतेक वेळा वाटा सांगतात, संख्या नाही. पोह्यांच्या प्लेटमध्ये शेव दुप्पट टाकली तर पोह्यांचा वाटा कमी दिसतो, पोहे मात्र तेवढेच असतात. तसं एखादा चांगला जिवाणू 'कमी' लिहिलेला असला तरी तो कमी झाला असेलच असं नाही, दुसरा वाढला असेल.

मग आली लाल रेघ: प्रिव्होटेला (आतड्यातल्या जिवाणूंचा एक गट) फार जास्त, दाह होण्याची शक्यता. हे वाचून मी खरंच चिडले. भोपाळच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ११० निरोगी भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, काही आपल्या भोपाळकडचे, काही केरळचे. आपल्या भागातल्या, मुख्यतः शाकाहारी जेवणाऱ्या माणसांत प्रिव्होटेला ठळक होता. केरळच्या मिश्राहारी माणसांत बॅक्टेरॉइड्ससारखे दुसरे. म्हणजे भोपाळहून चार तासांवर राहणाऱ्या, जन्मभर पोळी-वरण-भात जेवलेल्या बाईच्या पोटात प्रिव्होटेला भरपूर असणं हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. त्याला लाल रेघ मारायची तर तुलनेला कुठल्या देशाची माणसं घेतली ते कंपनीनं सांगायला नको? किट घेण्याआधी हा प्रश्न विचाराच: तुमच्या तुलनेच्या गटात भारतीय किती आणि कुठल्या भागातले?

त्याच्याच खाली एशेरिकिया वाढलेला, स्ट्रेप्टोकॉकस वाढलेला. आम्हाला कारण दिसत होतं, फॉर्मला दिसलं नव्हतं. आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स, 'तुमच्यासाठी खास', पैसे भरायच्या बटणासकट. तपासणारा आणि औषध विकणारा एकच असला की रिपोर्टमध्ये काहीतरी कमी निघणारच, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे आणि ते बदलायचं कारण मला दिसलेलं नाही. अमेरिकेच्या गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी संघटनेनं २०२० मध्येच पोटाच्या बहुतेक आजारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस केली नव्हती. २०२४ च्या अखेरीस लॅन्सेटच्या पोटविकारांच्या नियतकालिकात अनेक देशांतल्या तज्ज्ञांचं एकमतानं केलेलं निवेदन आलं. त्यात हेच म्हटलंय: ही तपासणी रुग्णानं परस्पर न करता डॉक्टरांमार्फत व्हावी, आधी औषधं, आहार, आजार यांची माहिती घ्यावी, आणि रिपोर्टनंतरचा उपचार तपासणी करणाऱ्या कंपनीनं सुचवू नये. फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडीट्स या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचं गुणोत्तर रिपोर्टमध्ये देऊ नये असंही त्यात आहे. वहिनींच्या रिपोर्टमध्ये ते अर्ध्या पानावर होतं.

रिपोर्टची प्रिंट आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन मी वहिनींना पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्रिंट बाजूला ठेवून पाकिटं हातात घेतली. "आजी, ही साधी मेटफॉर्मिन आहे, कधीपासून चालू आहे?" मग साध्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्राम, थायरॉइड, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजारासाठी रक्तातलं टीटीजी, शौचाची साधी तपासणी, न दिसणारं रक्त, आणि आतड्याच्या दाहासाठी कॅलप्रोटेक्टिन. कॅलप्रोटेक्टिन ही पण शौचाचीच तपासणी, पण हिला मर्यादा आहे आणि तिच्या आकड्यावरून डॉक्टर पुढचं ठरवू शकतात. सगळं ठीक निघालं. बी-१२ मात्र कमी होतं. मेटफॉर्मिन लांबली की ते होतं. गोळी हळूहळू विरघळणाऱ्या, एसआर प्रकारात बदलून दिली, जेवणानंतर घ्यायला सांगितली, आम्लाची गोळी टप्प्याटप्प्यानं बंद केली. महिन्याभरात फुगणं पुष्कळ कमी झालं. शेव-जीरावन परत आलंय, डाळीही आल्यात. हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळ्या बदलू नयेत, कळकळीनं सांगते. साखर बिघडली तर ते पोटापेक्षा महागात पडतं. आणि शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा पन्नाशीच्या आसपास नव्यानं सुरू झालेली तक्रार असेल तर किटच्या वाटेला जाऊच नका, थेट डॉक्टर गाठा. किटमधून कॅन्सर कळत नाही.

पुतण्याची गोष्ट वेगळी. तिशीतला, ठणठणीत, पळायला जातो, त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. त्याच्या रिपोर्टमध्ये स्कोअर नाही. कुठल्या पद्धतीनं तपासलं, किती डीएनए वाचला, तुलनेला कोण, सगळं दुसऱ्याच पानावर. मूळ डेटाची फाइलही मिळाली, ती उद्या दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घेता येते. निष्कर्ष मोजके, आणि जिथे पुरावा कच्चा तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं. औषधं घेणाऱ्यांनी हा रिपोर्ट डॉक्टरांसोबतच वाचावा, अशी ठळक सूचना. विकायला काही नाही. किंमत वहिनींच्या किटच्या जवळजवळ दुप्पट, पण त्याला कारण आहे. वहिनींचं किट १६एस पद्धतीचं होतं. त्यात जिवाणूंमधलं एकच जनुक वाचतात. गट कळतो, नेमकी प्रजाती बऱ्याचदा कळत नाही, बुरशी आणि विषाणू तर दिसतच नाहीत. पुतण्याचं शॉटगन पद्धतीचं, म्हणजे नमुन्यातला सगळाच डीएनए तुकड्यातुकड्यानं वाचायचा. प्रजातीपर्यंत जाता येतं, त्यांच्याकडे कुठली कामं करणारी जनुकं आहेत तेही दिसतं. १६एस वाईट नाही, संशोधनात आजही वापरतात. पण १६एसच्या पैशात प्रजातीची खात्री देणारी कंपनी दिसली तर सावध राहा. आणि पुन्हा तपासायचं असेल तर त्याच कंपनीकडे, त्याच पद्धतीनं; दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

काही ठिकाणी याच्यासोबत 'फूड इनटॉलरन्स'ची रक्ताची तपासणी जोडून स्वस्तात देतात. ती आयजीजी या रक्तातल्या अँटिबॉडीची असते. एखाद्या पदार्थाची आयजीजी सापडली म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच. ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटना ती करू नका असंच सांगतात. त्या यादीवरून दूध-गहू सोडलेल्या बायका मी पाहिल्यात.

डेटाचं तर विचारलंच पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोची यूबायोम ही कंपनी एके काळी या तपासणीचं सगळ्यात गाजलेलं नाव होतं. २०१९ मध्ये एफबीआयनं तिच्या कार्यालयांवर छापा घातला, त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली, आणि २०२१ मध्ये संस्थापकांवर फसवणुकीचे आरोप ठेवले गेले. कंपनी बुडाली की ग्राहकांचे नमुने आणि माहिती कुणाच्या हातात जाते? पुतण्याच्या संमतिपत्रात नमुना किती दिवसांनी नष्ट करणार ते होतं आणि संशोधनासाठी वेगळी सही होती, न केली तरी चालेल अशी. वहिनींच्या ॲपवर एकच टिक होती, तीत सगळं आलं.

राजेंद्र नगरच्या आमच्या भिशीतल्या दोघींना किट घ्यायचंय. त्यांना मी कंपन्यांना पाठवायचा ईमेल लिहून दिला: पद्धत कुठली, लॅबला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का आणि ती याच तपासणीसाठी आहे का, तुलनेच्या गटात भारतीय किती, मूळ डेटा देता का, नमुना कधी नष्ट करता, आणि चालू औषधांचा विचार रिपोर्टमध्ये कसा करता. एका कंपनीचं सविस्तर उत्तर आलंय, औषधांचा प्रश्न तेवढा गाळून. तो मी पुन्हा विचारायला लावलाय.